हजार वादकांचा मेळ
(विद्युत् गिटार व बास ह्या वाद्यांविषयी)

इटलीच्या उत्तर भागात चेझेना नावाचे सुमारे लाखभर वस्तीचे एक गाव आहे. रोम किंवा मिलान ह्यांच्यासारखी त्याची जगभर ख्याती नाही. गावाला अभिमान वाटावा असे तेथे मुख्यतः एक ग्रंथालय आहे. १४५४ साली उघडलेले हे मालातेस्ता घराण्याचे ग्रंथालय युरोपातील पहिल्या सार्वजनिक ग्रंथालयांत गणले जाते. त्यातील जुनी हस्तलिखिते अजूनही मेजांना साखळीने बांधलेली पाहावयास मिळतात. अशा ह्या गावात २६ जुलै २०१५ रोजी एका उद्यानातील मोकळ्या मैदानावर एक हजार वादक व गायक जमले आणि त्यांनी एकाच वेळी एकच गाणे वाजविले. त्यांत ३५० जण गिटार वाजविणारे, १५० जण बास गिटार वाजविणारे, २५० ड्रमवादक आणि २५० गायक होते. बहुतेक सारे हौशी. कोणी नोकरदार, कोणी विद्यार्थी, कोणी दिवसभर दुकान सांभाळून रात्री वाद्य हाती घेणारा.

जमण्याचे कारणही मोठे गमतीचे होते. ‘फू फायटर्स’ नावाच्या प्रसिद्ध अमेरिकन वाद्यवृंदाने आपल्या गावी येऊन कार्यक्रम करावा अशी तेथील फाबिओ झाफान्यीनी ह्या गृहस्थांची इच्छा होती. निमंत्रण पाठविले तर ते टोपलीत जाणार हे उघड होते. तेव्हा त्या वृंदाचेच ‘लर्न टू फ्लाय’ हे गाणे एक हजार लोकांनी मिळून वाजवावे, त्याचे चित्रीकरण करावे आणि तेच निमंत्रण म्हणून जगापुढे ठेवावे, अशी कल्पना त्यांनी काढली. पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला. चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली, वृंदाच्या प्रमुखाने इटालियन भाषेत ‘येतो’ म्हणून उत्तर दिले, आणि ३ नोव्हेंबर २०१५ रोजी तो वृंद खरोखरच चेझेनाला येऊन वाजवून गेला.

ही हकीकत ऐकून मौज वाटते. परंतु मौजेपलीकडे तीत एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार करावा असा ह्या लेखाचा हेतू आहे. हजार माणसांनी एकत्र वाजविणे कठीण का असावे? आवाजाची तर तेथे वाण नव्हती. ज्याच्या त्याच्या वाद्याला वीज जोडलेली होती. मग अडचण कोठली? ती समजावयाची तर आधी ही दोन वाद्ये कशी बोलतात ते पाहिले पाहिजे.

तारेचा आवाज आणि वीज

तार छेडली की ती थरथरते. पण नुसत्या तारेला आवाज म्हणण्यासारखा नसतोच. बारीक तार हवेला फारशी ढकलू शकत नाही. म्हणून सतारीला किंवा तंबोऱ्याला भोपळा असतो आणि साध्या गिटारला लाकडी पोकळ पेटी असते. तारेचे कंपन घोडीवाटे लाकडात उतरते, लाकडाचा रुंद पृष्ठभाग हवेला हलवितो आणि मग आपल्याला सूर ऐकू येतो. ह्या व्यवस्थेला मर्यादा आहे. बंद खोलीत गिटार गोड वाटते; पण शेजारी दोन तुताऱ्या आणि एक ढोल वाजू लागले की ते हरवते. अमेरिकेतील नृत्यगृहांत १९२० नंतर नेमके हेच होत होते. गिटारवादक वाद्यवृंदात बसलेला दिसे, पण ऐकू येत नसे.

त्यावर उपाय निघाला तो पेटी मोठी करण्यातून नव्हे, तर पेटी टाळण्यातून. जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी १९३१-३२ च्या सुमारास अॅल्युमिनियमचे एक हवाईयन गिटार तयार केले. त्याच्या आकारावरून लोक त्याला ‘तळण्याचा तवा’ म्हणू लागले. त्यात तारांपाशी लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविलेले होते. ह्या भागाला पिकअप म्हणतात. मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्वच येथे कामी येते. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की ते क्षेत्र क्षणाक्षणाला किंचित बदलते आणि बाजूच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. तार सेकंदाला जितक्या वेळा हलते, तितक्या वेळा ती वीजही मागेपुढे होते. ही वीज अगदी क्षीण असते. अँप्लिफायर तिला बळ देतो आणि लाउडस्पीकर तिचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करतो.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की पिकअपला कान नसतात. मायक्रोफोन समोरचे सगळेच ऐकतो, शेजाऱ्याचे खोकणेदेखील. पिकअप मात्र आपल्यावरच्या पोलादी तारांनाच ओळखतो. आतड्याची किंवा नायलॉनची तार लावली तर तो मुका राहतो. दुसरी गोष्ट अशी की वाद्य आणि आवाज ह्यांची फारकत झाली. वादकाच्या मांडीवर आहे ते लाकूड, आणि आवाज येतो तो दहा पावलांवरच्या पेटीतून. सतारीचा जोर बोटांत असतो. येथे जोर एका बटणात आला. नखीचा अलगद स्पर्श आणि कानठळ्या बसविणारा नाद ह्यांत आता फक्त बटण फिरविण्याचे अंतर राहिले.

पुढची वीस वर्षे हे वाद्य सुधारत गेले. १९३६ साली गिब्सन कंपनीने पिकअप बसविलेले पोकळ पेटीचे गिटार बाजारात आणले. ते घेऊन चार्ली क्रिस्चन नावाचा तरुण १९३९ साली बेनी गुडमन ह्यांच्या वृंदात आला. वृंदात ताल धरून बसणारे गिटार त्याच्या हाती पुढे येऊन एकट्याने बोलू लागले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. परंतु त्याने मोकळा केलेला मार्ग बंद झाला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर ह्यांनी १९५० साली भरीव लाकडाचे गिटार विकण्यास आरंभ केला. मौजेची गोष्ट ही की फेंडर ह्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. वादक काय तक्रार करतात ते ते लक्षपूर्वक ऐकत आणि त्याप्रमाणे वाद्य सुधारीत.

खर्ज सांभाळणारा

फेंडर ह्यांच्या कानी आलेल्या अडचणींत एक बासवादकांची होती. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालच्या सुरांचे काम पुरुषभर उंचीच्या व्हायोलिनसारख्या एका वाद्याकडे असे. ते प्रवासात नेणे म्हणजे कपाट घेऊन फिरणे. शिवाय त्याला पडदे नसल्याने सूर नेमका लागेलच ह्याची शाश्वती नवशिक्याला नसे, आणि गलबल्यात ते ऐकूही जात नसे. सिॲटल येथील पॉल टुटमार्क ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात पडद्यांचे, आडवे धरून वाजविण्याचे विजेचे बास तयार केले होते. पण ते फारसे खपले नाही. १९५१ साली फेंडर ह्यांनी आपले बास गिटार आणले आणि तेच जगभर रूढ झाले. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून त्याचे नाव त्यांनी ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे ठेवले.

बासला सामान्यतः चार तारा असतात. त्या गिटारच्या खालच्या चार तारांच्याच सुरांत, पण एक सप्तक खाली लावतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ वेळा. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० कंपनांची धरतात. म्हणजे बास आपल्या श्रवणशक्तीच्या तळाशीच वावरते. आपल्या तंबोऱ्यातील खर्जाची तार आठवली म्हणजे ह्या वाद्याचे काम ध्यानात येईल. गाणे ऐकताना खर्जाकडे आपले लक्ष नसते; पण ती तार उतरली तर गवई चटकन थांबतो. बास आणखी एक काम करते. ते ड्रमशी हातमिळवणी करून लय धरते. सूर आणि ताल ह्या दोन भिंती जेथे मिळतात, त्या कोपऱ्यातील खांब म्हणजे बास.

खांबाकडे कोणी पाहत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी मोटाउन ह्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात १९६० नंतरच्या दशकात जेम्स जेमर्सन नावाचे बासवादक काम करीत. त्या काळी जगभर गाजलेल्या कितीतरी गाण्यांत त्यांचे बास आहे. ते उजव्या हाताच्या एकाच बोटाने तार छेडीत. परंतु ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे छापण्याची चाल त्या कंपनीत नव्हती. १९७१ साली मार्व्हिन गे ह्यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा कोठे तीवर जेमर्सन ह्यांचे नाव आले. लोक त्यांना वर्षानुवर्षे ऐकत होते आणि कोणाला ऐकतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते.

आपल्या चित्रपटसंगीतातही असेच घडले आहे. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा वाटा होता. चर्चमध्ये आणि तेथील संगीतशाळांत त्यांनी पाश्चात्त्य स्वरलेखन लहानपणीच आत्मसात केलेले असे. टोनी वाझ हे राहुलदेव बर्मन ह्यांच्या वृंदातील बास गिटारवादक. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटातील ‘दम मारो दम’ ह्या गाण्यात भूपिंदर सिंग ह्यांच्या गिटारची सुरावट अनेकांना तोंडपाठ असते. गायिका आणि संगीतकार ह्यांची नावे तर सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याखाली बास कोण वाजवीत होते असे विचारले, तर उत्तर देणारे थोडे. पुढे गावोगावच्या गणेशोत्सवांत ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम होऊ लागले. तेथेही बासवादक मागच्या रांगेत, ड्रमच्या शेजारी उभा असे. तो काय वाजवीत होता हे प्रेक्षकांना तो एखादा दिवस आला नाही म्हणजे कळे.

आवाजाची बेरीज

आता चेझेनाच्या मैदानाकडे वळू. एका गिटारचा जो आवाज, त्याच्या ३५० पट आवाज ३५० गिटारांचा होत असेल असे आपण सहज धरून चालतो. कान मात्र असा हिशेब करीत नाही. ध्वनीची पातळी डेसिबेल ह्या परिमाणात मोजतात. सारख्याच आवाजाची वाद्ये दुप्पट केली की पातळी सुमारे ३ डेसिबेलांनी वाढते. दसपट केली की १० डेसिबेलांनी. आणि १० डेसिबेल वाढल्यावर कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ह्या हिशेबाने ३५० गिटारे एकाच अंतरावरून ऐकली, तर वाढ होते ती सुमारे २५ डेसिबेलांची, आणि कानाला ती एका गिटारच्या जेमतेम सहापट वाटते. प्रत्यक्षात तीही नाही. कारण सगळी गिटारे एकाच अंतरावर असू शकत नाहीत. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबेलांनी खाली येते.

म्हणजे नुसता मोठा आवाज हवा असेल तर त्यासाठी साडेतीनशे माणसे जमविण्याचे कारण नाही. एकाच अँप्लिफायरचे बटण फिरविले तरी ते साधते. माणसांचा जमाव आणतो ती निराळीच गोष्ट. दोन तारा अगदी किंचित वेगळ्या लागल्या असल्या, एक सेकंदाला ८२ आणि दुसरी ८३ कंपनांची, तर त्यांचा एकत्र सूर सेकंदाला एकदा हेलकावतो. तंबोरा लावताना हा हेलकावा आपण कानाने पकडतो आणि तो नाहीसा होईपर्यंत खुंटी पिळतो. शेकडो तारांत असे शेकडो हेलकावे एकमेकांत मिसळतात आणि त्यातून एक रुंद, भरलेला नाद निर्माण होतो. समूहगायनात एकट्या गळ्यातील कंगोरे जसे बुजतात, तसेच हे. हा रुंदपणा बटण फिरवून मिळत नाही.

ह्याच हिशेबाची एक गंभीर बाजूही आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. कानांना ८५ डेसिबेलांचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत सोसवतो असे व्यवसायारोग्याचे तज्ज्ञ मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबेलांना हा वेळ निम्मा करावा असे सांगतात. त्याप्रमाणे १०० डेसिबेलांच्या आवाजात सुरक्षित वेळ उरतो तो पंधरा मिनिटांचा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून जाणते वादक कानांत बोळे घालूनच अशा मेळाव्यात उभे राहतात. दुसरी काळजी विजेची. वादकाच्या बोटांखालच्या तारा अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि त्याचे ओठ मायक्रोफोनजवळ असतात. दोन्हींपैकी एकाचे अर्थिंग सदोष असले तर मधल्या माणसातून वीज वाहते. १९७२ साली लेस हार्वी हे स्कॉटिश गिटारवादक वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर ह्याच रीतीने मृत्यू पावले. आपल्याकडे मांडव घालणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घेण्यासारखी आहे.

अंतर आणि वेळ

आवाजाची बेरीज झाली. खरी अडचण निराळीच आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हा वेग आपल्याला पुष्कळ वाटतो, पण संगीताला तो थोडा पडतो. ३४ मीटरांवरचा ड्रम आपल्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एका मात्रेला अर्धा सेकंद मिळतो. म्हणजे ३४ मीटरांवरचा वादक एक पंचमांश मात्रा मागे पडला, आणि ८५ मीटरांवरचा चक्क अर्धी मात्रा. तो जे ऐकतो त्याच्या बरोबर वाजवितो. स्वतःच्या दृष्टीने तो तालातच असतो. पण त्याचा आवाज परत पहिल्यापर्यंत येईतो आणखी अर्धी मात्रा जाते, म्हणजे पहिल्याला तो पुरा एक मात्रा मागे ऐकू येतो. पहिल्याला वाटते दुसरा रेंगाळतो. म्हणून पहिलाही थोडा थांबतो. मग दुसरा आणखी थांबतो. अशा रीतीने कोणाचाही दोष नसताना सगळी लय हळूहळू ढिली पडत जाते.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला असला पाहिजे. आषाढीच्या वारीत हजारो वारकरी चालतात, पण सगळे मिळून एकच भजन एकाच क्षणी म्हणत नाहीत. त्यांच्या दिंड्या असतात. रथापुढे आणि रथामागे दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. प्रत्येक दिंडीत वीणेकरी असतो, मृदंगी असतो, आणि टाळकरी त्यांच्या आसपास रांगांनी चालतात. टाळकऱ्याचा कान मृदंगावर असतो, आणि मृदंग काही पावलांवरच असतो. पुढच्या दिंडीत काय चालले आहे ह्याची त्याने पर्वा करावयाची नसते. हजारांचा मेळ येथे लहानलहान मेळांनी साधलेला आहे.

चेझेनाकरांना मात्र एकच मेळ हवा होता. कानावर विसंबून तो बसण्यासारखा नव्हता, म्हणून तेथे डोळ्यांची मदत घेतली. मार्को साबिऊ हे संचालक उंच मचाणावर उभे राहून हातांनी लय दाखवीत होते. प्रकाशाला शंभर मीटर जावयास लागणारा वेळ संगीताच्या दृष्टीने शून्यच. जो हात पाहून वाजवील, तो मैदानाच्या कोणत्याही टोकाला असला तरी इतरांच्या बरोबर असेल. पण त्यासाठी त्याला एक अवघड गोष्ट करावी लागते. दुरून येणारा, मागे पडलेला आवाज कानांवर आदळत असताना त्याच्या मागे न जाता हातावर नजर ठेवावयाची. आपण ज्याला तालाला पक्का म्हणतो, त्याची कसोटी येथे लागते.

ह्यात बासचा उपयोग कसा होतो तेही पाहण्यासारखे आहे. ४१ कंपनांच्या सुराची हवेतील एक लाट सुमारे ८ मीटर लांबीची असते. एवढ्या लांब लाटेला माणसांची गर्दी अडवू शकत नाही. ती वळसा घालून पुढे जाते. उलट, वरच्या सुरांच्या लाटा बोटाबोटाच्या असतात. त्या कपड्यांत मुरतात, अंगांवर अडतात आणि लांबच्या हवेतही विरतात. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली म्हणजे आपल्याला आधी ढोलाचा घुमारा ऐकू येतो. ताशा ऐकू यावयास ती कोपऱ्यावर यावी लागते. तसेच दीडशे बासचा नाद मैदानभर पोहोचतो. कोणते स्वरस्थान चालू आहे आणि गाणे कोठवर आले आहे, हे त्यावरून शेवटच्या रांगेतील माणसालाही कळते. लयीसाठी हात, सुरासाठी बास; ह्या दोन आधारांवर हजार माणसे उभी राहिली.

परंतु दीडशे बासांनी हे काम करावयाचे तर त्यांच्यावर एक बंधन येते. खालच्या सप्तकात दोन जवळचे सूर एकत्र वाजले तर कानाला ते वेगळे करता येत नाहीत. नुसता चिखल होतो. गिटारवादकाने ऐन वेळी दोन स्वर अधिक घेतले तरी खपून जाते. बासवादकाने घेतले तर सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून दीडशे जणांनी एकच साधी ओळ, एकाच जागी सुरू करून एकाच जागी संपवावयाची असते. सूर सुरू करण्याइतकेच तो वेळेवर बंद करण्यालाही महत्त्व आहे. बासवादक आपल्या उजव्या तळव्याने आणि डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबून गप्प करण्याचा जितका अभ्यास करतो, तितका छेडण्याचाही क्वचितच करीत असेल.

मेळावे लहान आणि मोठे

चेझेनाचा प्रयोग एकदाच होऊन थांबला नाही. ‘रॉकिन् १०००’ ह्या नावाने ती संस्थाच झाली. २०१६ साली त्याच गावच्या क्रीडांगणावर हजार जणांनी एक गाणे नव्हे तर संपूर्ण कार्यक्रम केला, आणि २०१९ साली पॅरिसजवळच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर. पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहराच्या जुन्या चौकात तर २००३ पासून १ मे रोजी गिटारवादक जमतात आणि जिमी हेंड्रिक्स ह्यांच्या आठवणीसाठी त्यांनी गाजविलेले ‘हे जो’ हे गाणे एकत्र वाजवितात. २००९ साली तेथे ६,३४६ गिटारे होती, आणि पुढे हा आकडाही अनेकदा मागे पडला. आपल्या देशात शिलाँग येथे ऑक्टोबर २००७ मध्ये १,७३० गिटारवादकांनी बॉब डिलन ह्यांचे एक गाणे मिळून वाजविले. त्याही आधी, १९७० व १९७१ साली मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात ‘सिमला बीट’ स्पर्धेसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून तरुणांचे विद्युत् गिटार वाजविणारे गट आले होते, आणि निवडक गटांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या.

आकड्यांनी मात्र भुलू नये. ह्या वाद्यांच्या हौशी मंडळींचे खरे मेळावे लहान असतात. रविवारी एखादी खोली भाड्याने घ्यावयाची, प्रत्येकाने आपले वाद्य आणून मेजावर ठेवावयाचे, दुसऱ्याचे हाती घेऊन पाहावयाचे, तारांची जाडी, घोडीची उंची, पिकअपची जागा ह्यांवर तास तास बोलावयाचे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून काही वाजवावयाचे. अशा बैठकीचे काही न लिहिलेले नियम असतात. वाद्य लावताना बटण शून्यावर. दुसरा बोलत असताना तार छेडावयाची नाही. आपला अँप्लिफायर इतकाच मोठा, की शेजाऱ्याचा सूर आपल्याला ऐकू यावा. नवा मुलगा पहिल्या दिवशी आपले बटण वाढवितो, कारण त्याला स्वतःचे वाजविणे नीट ऐकू येत नसते. त्याचे पाहून शेजारी वाढवितो, मग तिसरा. पाच मिनिटांत कोणालाच काही ऐकू येत नाही. तेव्हा एखादा अनुभवी वादक पुढे होतो आणि स्वतःचे बटण कमी करतो. हळूहळू बाकीचेही करतात, आणि बास ऐकू येऊ लागते.

ही गोष्ट केवळ गिटारवाल्यांची नाही. आपल्या गावच्या उत्सवांत दर चौकात वेगळा लाउडस्पीकर लागतो आणि प्रत्येकाला शेजारच्या चौकावर मात करावयाची असते. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिलेली आहे. ती पाळली जाते की नाही, हे श्रोत्यांना सांगावयास नको. शंभर वर्षांपूर्वी तारेचा क्षीण सूर गर्दीपर्यंत पोहोचावा म्हणून शोधक धडपडले आणि त्यांना यश आले. आता आवाज कोणालाही दुकानात विकत मिळतो. ज्याची टंचाई आहे ते म्हणजे एकमेकांना ऐकता येईल इतके मागे राहणे, आणि ते शिकविण्याची जागा.

चेझेनाला जे घडले त्यात पैसा लोकांचा होता, मैदान गावाचे होते, आणि वाजविणारे कोणी थोर कलावंत नव्हते. हजारांपैकी प्रत्येकाने आपला भाग घरी पाठ केला, ठरल्या जागी उभा राहिला आणि एका हाताकडे पाहत पाच मिनिटे स्वतःला आवरून वाजविले. आपल्या गावांतही घरोघरी गिटारे आहेत. शाळाकॉलेजातील मुले ती एकेकटी, बंद खोलीत, यंत्रातून येणाऱ्या साथीबरोबर वाजवितात. यंत्राची साथ चुकत नाही, थांबत नाही आणि ऐकतही नाही. ह्या मुलांना महिन्यातून एकदा नगरवाचनालयाचे किंवा शाळेचे सभागृह संध्याकाळी दोन तास उघडून दिले, चार चांगल्या अर्थिंगच्या जोडण्या दिल्या आणि एक जाणता माणूस मधोमध उभा केला, तर खर्च फारसा येणार नाही. दहाबारा गिटारे आणि दोन बास एवढा मेळावा पुरे आहे. पहिले काही महिने गोंगाट होईल. तो शेजाऱ्यांनी सोसावा. मुले एकमेकांचे ऐकू लागली म्हणजे तो आपोआप कमी होत जाईल.